'वेळेवर' म्हणजे किती वाजता?

बसा. दार लोटून घ्या. शेजारच्या वर्गाला ऐकू गेलं तर माझं काही जात नाही, अब्रू तुमची जाईल.

हे निवेदन कोणी लिहिलं? तू? बरं, अक्षर चांगलं आहे. आता उभी राहा आणि मोठ्यानं वाच. 'उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन करण्यात येते की, आमच्या गावाची बस वेळेवर येत नसून विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत. तरी तात्काळ जादा बस सोडण्यात यावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.' खाली ४३ सह्या. प्रत माहितीसाठी आमदार, तहसीलदार, पोलीस निरीक्षक. पोलीस निरीक्षकांना कशाला रे? बस ते चालवतात का? घातलं, कारण मागच्या वर्षीच्या पोरांनी घातलं होतं, आणि त्यांनी त्यांच्या मागच्यांचं पाहून. हा कागद तुम्ही लिहिलेला नाहीच, उतरवलाय. पेपरात उतरवलं तर मी काय करतो ते ठाऊक आहे ना?

आणि 'तात्काळ' नव्हे, 'तत्काळ'. ते जाऊ द्या, शुद्धलेखनाला दुसरे सर आहेत. मी गणिताचा मास्तर. मला या अख्ख्या पानावर सह्या मोजून जो आला तो सोडला तर एकच आकडा सापडला, आणि तो आजच्या तारखेचा आहे.

'वेळेवर' म्हणजे किती वाजता?

बोला की. सात दहा? तू म्हणतोस सव्वासात. ही म्हणते, 'सातच्या सुमाराला.' एकाच फाट्यावरची तीन पोरं, एकाच गाडीच्या तीन वेळा. मग त्या गाडीनं कोणाच्या घड्याळाप्रमाणं यायचं? तुम्ही ज्याला उशीर म्हणता तो तुमचा तुम्हांलाच मोजता येत नाही, आणि निघालात तहसीलदाराकडे. साहेब तुमच्यासमोर फोन उचलतील, पलीकडून उत्तर येईल की गाडी स्टँडवरून वेळेत सुटली आहे, आणि ते उत्तर खरं असेल! मग तुम्ही काय करणार? फोटो काढून परत येणार. 'निवेदन देताना विद्यार्थी.'

स्टँडवरची पाटी कधी नीट वाचलीत? गाव, मार्गे, सुटण्याची वेळ. तिथं सुटण्याची वेळ असते. तुमच्या फाट्यावर येण्याची वेळ कुठल्याच पाटीवर नाही. म्हणजे ज्या जागी तुम्ही उभे आहात त्या जागेला वेळच नाही. तुमचं पहिलं घोडं इथं अडलंय, आणि तुमच्या कागदात त्याचा पत्ता नाही.

रेल्वेचं पाहा, तुम्ही रुळाच्या गावचे. भुसावळकडून येणारी गाडी नांदगावला अर्धा तास उशिरा येते आणि तीच मुंबईला 'राइट टाइम' पोचते, हा चमत्कार आपण सगळ्यांनी पाहिलाय. चमत्कार कसला, वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जास्तीची मिनिटं भरून ठेवलेली असतात, आणि वक्तशीरपणा बघायचा तो शेवटच्या स्टेशनावर. तिथं उतरणाऱ्याला गाडी वेळेवर. नांदगावच्या फलाटावर थंडीत कुडकुडणाऱ्याला ती उशिरा. गाडी एकच, मोजण्याची जागा वेगळी. म्हणून सेवेचं माप ठरवायचं असेल तर पहिला प्रश्न 'किती' हा नाही. 'कुठे उभं राहून मोजलं' हा आहे.

आता मला सांगू नका की सर, तुम्हांला काय माहीत. परवा सोमवारी मी तुमच्या फाट्यावर होतो. सहा चाळीसला जाऊन उभा राहिलो. कोणता फाटा आणि कुठल्या आगाराची गाडी हे मी इथं बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलू नका. नाव घेतलं की भांडण त्या खुर्चीतल्या माणसाशी होतं. माणूस बदलून जातो, गाडी तशीच येत राहते.

तर निंबाखाली १४ जणं होती. दुधाच्या किटल्या घेतलेला एक, आणि एक आजी. आजीच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, सरकारी दवाखान्यात दाखवून तीच पुन्हा घ्यायची होती. बाकी सगळी तुम्ही. मुलींनी पास प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून गळ्यात अडकवलेले. सात दहा झाले, सव्वासात झाले. सात वीसला एक काळी-पिवळी येऊन थांबली, ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, 'येती का कुणी?' तिघं पोरं बसून गेली. सात चौतीसला गाडी आली. आधीच भरलेली होती, पायरीवर दोघं लोंबकळत होते. ती निंबाखाली थांबली नाही, पन्नास पावलं पुढं जाऊन थांबली. का थांबली तिथं, हे चालकालाच ठाऊक. मग पळापळ. पोरं आधी पोचली, कारण पोरांना पळता येतं आणि त्यांना डबा सांभाळायचा नसतो. दुधवाला किटल्यांसकट कसा चढला देव जाणे. वाहकानं आतून दोनदा घंटी मारली. खाली राहिल्या चौघी: तीन मुली आणि आजी.

आजी रस्त्याकडेच्या दगडावर बसली. दोघी मुली पुढच्या काळी-पिवळीची वाट बघत राहिल्या. तिसरी काही न बोलता वळली आणि वस्तीच्या वाटेला लागली. मी हाक मारली तर म्हणाली, 'सर, पहिला तास तर गेलाच, आई म्हणते अर्ध्यातून जाऊ नको.'

आता तुमच्या या ४३ सह्यांत तिचं नाव शोधा. नाही सापडणार. परवा दिवसभर तुम्ही वर्गात सह्या घेत होता आणि ती वर्गात नव्हती. जे गाडीत चढले त्यांनी गाडी चुकल्याच्या अर्जावर सह्या केल्यात! हसता काय? हसण्यासारखं काही नाही यात. ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच तुम्ही गाळलंत.

आणि तुम्ही जी चूक केली तीच तिकडच्या कागदावर होते. एसटीत 'भारमान' नावाचा शब्द आहे. ऐकलाय? गाडीत जागा किती आणि त्यांतल्या भरल्या किती, याचं शेकड्यातलं प्रमाण. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, याचा विचार निघाला की पहिल्यांदा भारमान बघतात. वाहकाच्या मशीनमधून तिकीट निघतं, पास नोंदला जातो, म्हणजे चढला तो मोजला जातो. खाली राहिला त्याला मोजणारं मशीन अजून निघालेलं नाही. आता गणित करा. सोमवारची ती फेरी कागदावर कशी दिसेल? गाडी खचाखच, भारमान शंभराच्या वर. फेरी रद्द नाही, किलोमीटर पूर्ण. चौघींना रस्त्यावर सोडून गेलेली फेरी कागदावर त्या दिवसाची सगळ्यात यशस्वी फेरी ठरते. कोणी लबाडी केली म्हणून नाही. मापच तसलं आहे.

उलट बाजूही बघा. गाडी रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येते, म्हणून ती तिघं पोरं काळी-पिवळीत बसतात. आठ दिवसांनी सहा बसतात. मग भारमान उतरतं. मग कागद निघतो की या मार्गावर प्रतिसाद अल्प, फेरी परवडत नाही. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. तुम्ही सहावी-सातवीत असाल. तेव्हा लोकांनी दुसरी वाहनं धरली, कर्ज काढून मोटारसायकली घेतल्या, आणि त्यांतले कित्येक परत फिरलेच नाहीत. आधी गाडी नाही म्हणून माणूस जातो, मग माणूस नाही म्हणून गाडी जाते. या रहाटाची माळ कुठंतरी तोडायला हवी, आणि ती 'जादा बस सोडा' म्हणून तुटत नाही.

जादा बस! ती येणार कुठून? आभाळातून पडणार? आगारात आहेत तेवढ्याच गाड्या, आहेत तेवढेच चालक. आपल्या एका तालुक्यात नांदगाव आणि मनमाड अशी दोन आगारं आहेत, ही चैन कित्येक तालुक्यांना नाही. तरी गाडी तुम्हांला दिली म्हणजे ती कुठून तरी काढली. घाटमाथ्यावरच्या बोलठाणची काढायची? जातेगावची? न्यायडोंगरीच्या पोरांना निदान रूळ तरी आहे, घाटमाथ्याला काय आहे? तुमच्या आंदोलनाला चार कॅमेरे येतात कारण तुम्ही रस्त्यावरचे. घाटावरच्या पोरांनी रस्ता अडवला तर अडवायला गाडी तर हवी! जो ओरडेल त्याला गाडी, हा न्याय असेल तर मग सरळ बाजार समितीत लिलाव करा गाड्यांचा.

न्याय्य माप म्हणजे काय, ते मी फळ्यावर मांडतो. वहीत घ्या, उगाच मान डोलवू नका.

आधी तळ ठरवायचा. तालुक्यातल्या प्रत्येक गावाला, मग ते वेहेळगाव असो, मांडवड असो की घाटावरची दहा घरांची वस्ती असो, शाळेच्या वेळेला एक गाडी आत आणि शाळा सुटल्यावर एक गाडी परत. या दोन फेऱ्यांना भारमान लावायचं नाही. चार पोरं असली तरी ती धावली पाहिजे. तिला तोटा म्हणायचं नाही, तो खर्च आहे, जसा शाळेच्या फळ्याचा खर्च. फळा परवडत नाही म्हणून कोणी काढून नेत नाही. तळाच्या वर ज्या फेऱ्या असतील, बाजाराच्या दिवसाची, दुपारची, मनमाडच्या गाडीला जोडणारी, त्यांना खुशाल भारमान लावा, कमी-जास्त करा. पण एका गावाला तिसरी गाडी देण्याआधी दुसऱ्याला पहिली मिळाली का, हे विचारा. तुमच्या अर्जात हा प्रश्न नाही, कारण तुम्हांला फक्त तुमचा फाटा दिसतो.

ही मी घरची कल्पना सांगत नाही. ज्या कायद्याखाली एसटी महामंडळ चालतं, तो १९५०चा मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, त्यात दोन्ही पाय आहेत. कलम १८ सांगतं की राज्यात कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट मेळ घातलेली वाहतूक उभी करणं हे महामंडळाचं कर्तव्य. कलम २२ सांगतं की कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवा. सत्तर-पंचाहत्तर वर्षं हे दोन पाय एकमेकांत अडकतायत. धंद्याच्या पायाला भारमान आहे, प्रतिकिलोमीटर उत्पन्न आहे, रोज संध्याकाळी आकडा निघतो. आणि 'पुरेशी' या शब्दाला काय आहे? काही नाही. किती गाड्या म्हणजे पुरेशा, किती वेळ थांबणं म्हणजे फार, कायदा बोलत नाही. २०२५च्या जानेवारीत भाडं वाढलं ते १४.९५ टक्क्यांनी. दोन दशांश स्थळांपर्यंत! पैशाचा हिशेब दोन दशांश स्थळांपर्यंत करता येतो, आणि 'पुरेशी'चा एक पूर्णांकसुद्धा आपल्याला मागावासा वाटला नाही.

तुम्ही म्हणाल, सवलती दिल्यात की. दिल्यात, आणि चांगल्या आहेत. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट, मुलांना भाड्याच्या एक-तृतीयांशात. ७५ वर्षांवरच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून तिकीट नाही. बायकांना १७ मार्च २०२३पासून अर्धं. दगडावर बसलेल्या त्या आजीला तिकीट माफच होतं. पण गाडीत पाय ठेवायला जागा नसेल तर शून्याची शंभर टक्के सवलत किती होते? करा गुणाकार. आणि एक लक्षात ठेवा, कोणी वाहक वैतागून 'पासवाले फुकटे' म्हणाला तर खाली मान घालू नका. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. ते वेळेवर मिळतात की नाही हे त्यांचं त्यांचं भांडण, तुमच्या पासाची त्यात चूक नाही.

शहरांना मापं आहेत बरं का. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं शहरी वाहतुकीसाठी श्रेणी ठरवल्या आहेत: बससाठी सरासरी थांबणं ४ मिनिटांच्या आत असेल तर पहिली श्रेणी, १० मिनिटांच्या पुढं गेलं की सगळ्यात खालची. नाशिकात २०२१च्या जुलैपासून सिटीलिंक धावते, तिथल्या माणसाला हा तक्ता दाखवून जाब विचारता येतो. तुमच्या निंबाखाली १० मिनिटं म्हणजे चैन आहे. खेड्याला ४ मिनिटांची गाडी कोणी देणार नाही, मागूही नका, हसं होईल. पण शहराचं माप खेड्याला लागू नाही म्हणून खेड्याला मापच नको, हे कोणत्या पुस्तकातलं गणित?

तर खेड्याचं माप कसं असतं, ते जरा शांत डोक्यानं ऐका. ब्रिटनमध्ये बससेवांवर नजर ठेवणारे ट्रॅफिक कमिशनर असतात. त्यांचा नियम असा की १०० पैकी ९५ वेळा गाडी ठरल्या वेळेच्या फार तर १ मिनिट आधी ते ५ मिनिटं उशिरा, या पट्ट्यात आली पाहिजे. उशिराला ५ मिनिटं, आधीला १. असं का? मागचा बाक, तू सांग. नाही येत? ज्या मार्गावर दर ५ मिनिटांनी गाडी आहे तिथं एखादी लवकर गेली तर दुसरी मिळते. ज्या मार्गावर पुढची गाडी दुपारी एकला आहे, तिथं ४ मिनिटं लवकर गेलेली गाडी म्हणजे सहा तास उशिरा आलेली गाडी. उशीर झाला तर तुम्ही वैतागता. लवकर गेली तर तुम्ही राहता. तुमच्या अर्जात उशिराचं रडगाणं आहे, पण गेल्या महिन्यात दोनदा गाडी सातलाच निघून गेली होती, त्याबद्दल अवाक्षर नाही. ते दोन दिवस तुमच्या हजेरीपटावर लाल शाईत आहेत, मी पाहिलेत. म्हणून मागायचं असेल तर असं मागा: फाट्यावर ठरल्या वेळेआधी १ मिनिटसुद्धा नको, नंतर १० मिनिटांपर्यंत आम्ही थांबू, आणि महिन्याच्या २६ शाळेच्या दिवसांत हे किमान २४ दिवस पाळलं जावं. दोन दिवस टायर फुटेल, पूर येईल, माणूस आजारी पडेल, ते आम्हांला कळतं. एवढं लिहिलंत तर समोरच्या खुर्चीला उत्तर द्यावं लागतं. 'अतोनात हाल'ला कोणी काय उत्तर देणार? 'आपल्या भावना पोचल्या.'

वेळ ठरवतानाही लबाडी करू नका. स्टँडवरून तुमच्या फाट्यापर्यंत कागदावर किती मिनिटं धरली आहेत, आणि कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या रांगेतून, खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून खरोखर किती लागतात? ४० मिनिटांच्या रस्त्याला २५ दिली असतील तर चालकानं एक तर गाडी पळवायची किंवा रोज शिव्या खायच्या. जुन्या गाडीवरचा शहाणा चालक भर पावसाळ्यात जी वेळ पाळू शकतो, तीच खरी वेळ. ती ७:१० नसून ७:२५ असेल तर ७:२५ लिहून घ्या आणि शाळा कशी जुळवायची ते आम्ही मास्तर बघू. प्रार्थना दहा मिनिटं पुढं गेली तर देव रागावणार नाही.

आता जरा तुमच्याकडं वळतो. मघापासून तुम्ही फार आरामात ऐकताय, जणू मी दुसऱ्या कोणाला बोलतोय.

पहाटेची गाडी हवी ना तुमच्या गावाला? मग ती मुक्कामी लागेल. रात्री तुमच्या गावात उभी राहील, पहाटे निघेल. चालक-वाहक कुठं झोपतील? तुमच्या गावची मुक्कामी गाडी का बंद झाली, आठवतं का कोणाच्या वडिलांना? मी विचारलं. ती दोन माणसं गाडीतच सीटवर आडवी व्हायची, डासांत, आणि सकाळी डबा घेऊन उघड्यावर जायची. पूर्वी एखादं घर भाकरी आणून द्यायचं, पुढं तेही थांबलं. ग्रामपंचायतीला एक खोली आणि एक संडास देता आला नाही. पण कमान बांधता आली, स्वागत करणारी, दोन्ही बाजूंनी फोटो असलेली. आणि आता एसटीत बायका वाहक आहेत, त्यातली एखादी मुक्कामी ड्यूटीवर आली तर तिनं कुठं राहायचं? गाडी तुमच्याकडं यावी असं वाटत असेल तर गाडीबरोबर माणसं येतात. सेवेचं माप दोन्ही हातांनी धरायचं असतं. त्यांनी वेळ पाळायची, तुम्ही खोली द्यायची. ही ओळ अर्जात घाला, आणि माहितीसाठीची प्रत पोलीस निरीक्षकांऐवजी तुमच्या सरपंचांना द्या.

दुसरं. त्या सात वीसच्या काळी-पिवळीत बसलेले तिघं इथं आहेत, मान वर करा. तुमच्या सह्या सगळ्यांत वर आहेत! आणि गाडीच्या काचेतून आत रुमाल, दप्तर, एकदा तर चप्पल टाकून जागा धरणारे कोण? आजी उभी आणि चप्पल बसलेली. प्रत्येक वस्तीपुढं हात दाखवून गाडी थांबवायची, आपल्या दारात उतरायचं, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी उशिरा पोचली की घोषणा द्यायच्या, हे कसं जमतं तुम्हांला? शंभर पावलं चालून एका थांब्यावर गोळा झालात तर त्याच गाडीची पाच मिनिटं वाचतील. सीटच्या पाठीवर कंपासनं नावं कोरलीत, ती मी वाचलीत. बाण लागलेला बदामही पाहिला. त्या बदामाचा मालक वर्गात आहे, त्यानं उद्या मला भेटावं. गाडीच्या दारापाशी बसलेले किती, उभे किती हे रंगवलेलं असतं, ते कोणी वाचलंय का? नाही. बदाम मात्र सगळ्यांनी वाचलाय.

आणि 'तीव्र आंदोलन'. गेल्या खेपेला दगड मारलात. काच कोणाची फुटली? ती गाडी चार दिवस दुरुस्तीला उभी राहिली. कोणाची फेरी बुडाली? तुमचीच. वरून गुन्हे दाखल झाले ते वेगळेच, आणि एका पोराची भरती त्यात अडकली. यापुढं दगडाला हात लावला तर आधी माझ्याशी गाठ आहे.

संध्याकाळचं एक बोलायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. सकाळची गाडी चुकली तर तास बुडतो. संध्याकाळची चुकली तर मुलगी बुडते. दिवेलागणीला पोरगी फाट्यावर एकटी उभी आहे, हे बापानं दोनदा पाहिलं की तिसऱ्या दिवशी तो काही भांडत बसत नाही, तिला घरी ठेवतो. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण हक्काच्या नियमांत शाळेचं अंतर ठरलेलं आहे: पाचवीपर्यंत १ किलोमीटर, आठवीपर्यंत ३. आठवीनंतर अंतराचं बंधन संपलं. तिथून पुढं मुलीचं शिक्षण म्हणजे संध्याकाळची गाडी. म्हणून परतीच्या गाडीला वेगळं, कडक माप मागा. ती रद्द होणार असेल तर निदान शाळा सुटायच्या अर्धा तास आधी शाळेच्या फोनवर कळलं पाहिजे. नुसतं कळणं सुद्धा सेवा असते रे. गाडी येणार नाही हे साडेचारला कळलं तर आम्ही काहीतरी करू. सहा वाजता अंधारात कळलं तर फक्त रडायला होतं. गाड्यांना आता जीपीएस आहे, गाडी कुठं आहे हे आगारात दिसतं. मग जे आगाराला दिसतं ते फाट्यावरच्या मुलीला का दिसू नये, हा प्रश्न सभ्य भाषेत विचारता येतो.

विचारायला जागाही आहे. २०२४पासून महामंडळाचा 'प्रवासी राजा दिन' असतो, विभाग नियंत्रक आगारात येऊन तक्रारी ऐकतात. तिथं रांगेत उभे राहा. माहितीचा अधिकार २००५पासून आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि गेल्या तीन महिन्यांत या मार्गावरच्या किती फेऱ्या ठरल्या, किती धावल्या, ते मागायचं. त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवायचा. पण त्यासाठी तुमचा आकडा हवा ना! तो कुठाय?

हे घ्या. शंभर पानी वही आहे, माझ्या पैशानं आणलीय, हरवली तर वसूल करीन. सरळ रेघा मारा. तारीख, गाडीची ठरलेली वेळ, फाट्यावर आलेली वेळ, निंबाखाली थांबली की पुढं, चढले किती. आणि शेवटचा रकाना रुंद ठेवा: राहिले किती. त्यात नुसता आकडा नको, कोण राहिलं तेही लिहा. आजी, बाळंतीण, दुधवाला, तुमच्या वर्गातली मुलगी. गाडी लवकर गेली तर लाल पेनानं. खोटी नोंद करायची नाही. गाडी वेळेवर आली तर तेही लिहायचं, आपल्या तक्रारीला गैरसोयीचं आहे म्हणून गाळायचं नाही. एका दिवसाचीसुद्धा खोटी नोंद सापडली तर समोरचा माणूस सगळी वही मिटून तुमच्या हातात देईल, आणि मी त्याच्या बाजूनं बोलेन. पाळीनं दोघा-दोघांनी करा. जो चढला त्यानं नाही, जो उभा आहे त्यानं लिहायचं. तीस दिवस. तोवर हा कागद माझ्या कपाटात राहील, ४३ सह्यांसकट.

काय गं, तुझा हात का वर? 'सर, आम्ही लिहीत बसलो तर आमची गाडी चुकेल.' हं. प्रश्न बरोबर आहे, आज पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला. लिहायला अर्धं मिनिट लागतं. आणि ते अर्धं मिनिटही गाडी थांबत नसेल तर तेही त्याच वहीत जाईल.

पाच वाजत आले. तुमची पाच चाळीसची ना? मग उठा. ती परवा वळून गेलेली मुलगी कोणाच्या वस्तीवर राहते? तू ओळखतोस? मग आज उतरलास की तिच्या घरी जा, उद्या पहिली नोंद तिनं करायची आहे असं सांग. माझं नाव सांग. आणि तिच्या आईलाही सांग की अर्ध्यातून आली तरी चालेल, मी वर्गात घेईन.

वहीच्या पहिल्या पानावर फाट्याचं नाव लिहा. शुद्ध.